पाना एकेकच घ्या, पण घडीव घ्या



आज द्राक्षावर नाही, कांद्यावर नाही आणि बाजारभावावर तर मुळीच नाही. आज लोखंडावर लिहितोय. म्हणजे ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, नाहीतर शेडच्या कोपऱ्यात ऑइलच्या जुन्या डब्यात जे पाने, पकडी, हातोड्या पडलेल्या असतात, त्यांच्यावर.

आपल्याकडे हिशोब उलटा झालाय. ट्रॅक्टर घेताना आठ दिवस विचार करतो. ब्लोअर घेताना चार शेतकऱ्यांकडचे बघून येतो, पंप कुठला, नोझल कुठले, सगळं विचारतो. आणि त्या सगळ्याची दुरुस्ती ज्याच्यावर अवलंबून, ते पाने कुठून येतात? यात्रेतल्या पथारीवरून. नाहीतर मोबाइलवर जाहिरात दिसली, चार-पाचशे रुपयांत शेहेचाळीस नगांचा गोटी पाना सेट, प्लास्टिकच्या डब्यात चकाचक, घरपोच. घेतला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. चांगली हत्यारं आपल्या देशात बनतात. लांब कुठे नाही, आपल्या नाशकातही बनतात. ती परवडतात. पण तालुक्याच्या दुकानात ती मागितल्याशिवाय पुढे येत नाहीत, आणि मागायचं कसं हे माहीत असल्याशिवाय मागता येत नाही. म्हणून हा लेख.

हत्यार फसतं तेव्हा काय जातं

द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर तीस-चाळीस दिवसांचा काळ. आभाळ भरून आलंय, रात्री शिडकावा झालाय, पानावर डाऊनी कधी दिसेल सांगता येत नाही. त्या दिवशीची फवारणी त्या दिवशीच व्हायला पाहिजे. उद्यावर गेली की औषध तेच, खर्च तोच, पण उपयोग अर्धा.

मागच्या हंगामात शेजारच्या मळ्यात असंच झालं. ब्लोअरच्या पंपाचा पट्टा बदलायचा होता. काम अर्ध्या तासाचं. ताण देणारा बोल्ट गंजलेला. पोरानं नव्या सेटमधली १७ ची गोटी लावली, रॅचेटला जोर दिला आणि गोटी उभी चिरली. मग फिक्स पाना लावला, तर पान्याचं तोंड फाकलं आणि बोल्टाचे कोपरे गोल झाले. मग पकड, मग छन्नी-हातोडी. शेवटी तालुक्याहून वेल्डिंगवाला आणून बोल्टाच्या डोक्यावर नट चिकटवला आणि तो फिरवला. अर्ध्या तासाच्या कामाला दुपारचे अकरा ते संध्याकाळचे सहा. फवारणी दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाऊस.

आता सांगा, तो सेट चार-पाचशेला पडला का?

आणि हे नुसत्या पैशांचं नाही. जोर लावताना पाना सटकला की हात जाऊन आदळतो तो लोखंडावरच. बोटांची सालटी निघणं हे तर नशीब म्हणायचं. चिरलेल्या गोटीचा तुकडा, हातोडीच्या कडेचा उडालेला कपचा डोळ्यात गेला तर काय, याचा विचार करा.

पान्यात असतं काय?

दिसायला दोन्ही पाने सारखेच. दोन्हींवर तेच मुलामा, तीच अक्षरं. फरक आत असतो, आणि तो आपल्याला नवीन नाही. लोहार कोयता करतो तेव्हा काय करतो? गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा घेतो, तापवतो, ठोकून आकार देतो, आणि शेवटी पाणी पाजतो. पाणी कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर धारेचा तुकडा उडतो. आपल्या आज्यांना कोणत्या लोहाराच्या हाताला चांगलं पाणी आहे हे माहीत असायचं, आणि ते त्याच्याकडेच जायचे. शेजारच्या गावचा दोन आण्यांनी स्वस्त असला तरी.

पान्याचंही तेच. चांगला पाना घडीव असतो. तापलेल्या पोलादाच्या कांबीवर साच्यात घण पडतो, त्यातून आकार येतो. पोलादाचे रेषे पान्याच्या आकाराप्रमाणे वळतात. मग कडा कापतात, तोंडाचं माप काढतात. मग साधारण साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवतात, त्यानं तो कडक होतो. पण नुसता कडक पाना काचेसारखा तुटतो. म्हणून पुन्हा कमी आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. याला टेंपर म्हणतात. मुलामा सगळ्यात शेवटी, तो गंजू नये म्हणून. चकाकीचा आणि ताकदीचा काडीचा संबंध नाही.

स्वस्त मालात काटछाट होते ती याच ठिकाणी. पोलाद हलकं घेतात, किंवा तापवण्याचं काम उरकतात. पाणी कमी पडलेल्या पान्याचं तोंड फाकतं. टेंपर नीट न झालेली गोटी चिरते. वर 'क्रोम व्हॅनेडियम' असा ठसा असतोच, पण ठसा मारायला व्हॅनेडियम लागत नाही, ठसाच लागतो.

आपल्या दारात कारखाना, आणि आपण पथारीवर

आता गंमत बघा. टपारिया टूल्सचा कारखाना नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आहे. स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं १९६९ साली त्यांनी हत्यारं बनवायला सुरुवात केली. देशभरच्या गॅरेजमध्ये त्यांची पक्कड आणि पेचकस दिसतात. आपण द्राक्षाची गाडी घेऊन त्या रस्त्यानं जातो, आणि येताना सिग्नलवरचा सेट घेऊन येतो.

पंजाबात जालंधर आणि लुधियाना ही तर हत्यारांचीच शहरं. घरटी कारखाने, घणांचे आवाज. राजस्थानात नागौर हे हातोड्या आणि पकडींसाठी नाव असलेलं गाव. जालंधरला केंद्र सरकारची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ हँड टूल्स आहे, १९८३ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं सुरू झालेली. तिथं साचे, उष्णता प्रक्रिया, तपासणी हे सगळं शिकवतात आणि कारखान्यांना करूनही देतात. म्हणजे ज्ञान नाही असं नाही.

या भागातला बराच माल परदेशात जातो, तिथल्या कंपन्यांच्या नावानं विकला जातो. तिकडचा गिऱ्हाईक माप आणि कडकपणा तपासून घेतो, म्हणून त्याला तसा माल मिळतो. त्याच गावातून आपल्या तालुक्याला येतो तो मात्र पुष्कळदा तिसऱ्या प्रतीचा. कारण इथला घाऊक व्यापारी पहिला प्रश्न विचारतो, "किलोला काय भाव?"

तरी जगाच्या बाजारात आपण किती? नीती आयोगानं एप्रिल २०२५ मध्ये या धंद्यावर अहवाल काढला. त्यात हातहत्यारांच्या जागतिक व्यापारात चीनचा वाटा जवळपास निम्मा आणि आपला दोन टक्क्यांच्याही आत दाखवलाय. आपल्या कारखानदाराला चीनपेक्षा १४ ते १७ टक्के खर्च जास्त पडतो असंही त्यात आहे. कच्चा माल महाग, व्याज महाग, वाहतूक महाग. शेतीवाल्याला ही यादी ओळखीची वाटेल. आपलंही रडगाणं हेच आहे.

दुकानातलं संभाषण

तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातलं बोलणं साधारण असं होतं.

"काका, १६-१७ चा रिंग पाना दाखवा. देशी."

"सगळं देशीच आहे भाऊ."

"मागं तर दुसऱ्या देशाचं नाव आहे."

"ते छापलेलं असतं. माल एकच."

"मग चांगल्यातला दाखवा ना."

"चांगला ठेवत नाही. कोण घेतो? दुप्पट पैसे. लोक म्हणतात, एकदाच वापरायचाय, द्या कसलाही."

दुकानदार खोटं बोलत नाही. महिनाभर पडून राहणारा माल त्यानं का ठेवावा? पण त्यानं ठेवला नाही म्हणून कुणाला दिसत नाही, दिसत नाही म्हणून कुणी मागत नाही. असा हा रहाट फिरत राहतो, आणि पोहरा रिकामाच वर येतो.

यावर माझा उपाय साधा आहे. दुकानदाराशी भांडायचं नाही. "हा अमुक पाना मागवून ठेवा, आठ दिवसांनी येतो" म्हणायचं, शंभर रुपये विसार द्यायचा आणि आठ दिवसांनी खरंच जायचं. गावातल्या चार जणांनी असं केलं की पाचव्यासाठी तो आपणहून ठेवतो. आमच्याकडच्या एका दुकानात आता फळीचा एक कप्पा चांगल्या पान्यांचा आहे. तो अशाच विसारातून तयार झाला.

देशी म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे, कारण या विषयावर लगेच झेंडे निघतात.

चीनचं सगळं भंगार आणि आपलं सगळं सोनं, असं काही नाही. तिकडे उत्तम हत्यारंही बनतात. तैवानची तर जगभर नावाजलेली आहेत. आपल्या पथारीवर येतं ते तिथलं सगळ्यात हलकं, कारण इकडून ऑर्डरच तशी जाते. आणि आपल्याकडेही ओतीव लोखंडाच्या पान्याला रंग फासून विकणारे आहेत. देशी नावाच्या डब्यातसुद्धा कधी कधी बाहेरून आणलेला माल असतो. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदलून काढलेली नक्कलही मिळते.

किर्लोस्करांचं उदाहरण आठवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते, अशी समजूत होती. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे तो नांगर घरोघरी गेला. तो काय भाषणानं गेला? जमिनीत चालला म्हणून गेला. शेतकरी भावनेवर एकदा घेतो. दुसऱ्यांदा घेतो ते काम बघून.

मग देशीच का घ्यावं? माझी कारणं तीन.

पहिलं, सुटा नग मिळतो. सेटमधला १२-१३ हरवला तर नामांकित देशी कंपनीचा तेवढाच पाना विकत मिळतो. परदेशी जाहिरातीच्या सेटमधली एक गोटी गेली की ती गेलीच.

दुसरं, पत्ता असतो. डब्यावर कारखान्याचं नाव, गाव असतं. तक्रार कुणाकडे करायची ते कळतं. चांगल्या कंपन्या सदोष नग बदलूनही देतात, दुकानातून पक्की पावती घेतलेली असेल तर.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. पाना घडवायचं कसब आणि रोटाव्हेटरचं पातं, ट्रॅक्टरचा गियर, नांगराचा फाळ घडवायचं कसब हे एकाच घरातलं आहे. घण, साचा, भट्टी, टेंपर. पान्याचे कारखाने बंद पडले, नुसते डब्यावर स्टिकर लावणारे उरले, तर ते कसब जाणार. मग उद्या रोटाव्हेटरची पातीही बाहेरून येतील, आणि त्यांचा भाव बाहेरचा माणूस ठरवेल.

दुकानात बघायचं काय

आता कामाचं. प्रयोगशाळा नसली तरी दुकानात उभ्या उभ्या बरंच कळतं.

एक. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत हे असलंच पाहिजे. माल आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव आणि मूळ देश छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. काहीच नसेल तर खाली ठेवा.

दोन. खिशात एक नवाकोरा बोल्ट घेऊन जा. जुना झिजलेला नको. ८ एमएमच्या बोल्टाला १३ चा पाना लागतो. पाना बोल्टाच्या डोक्यावर बसवून डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित खेळ चालतो. डुगडुगला तर नको. एका बोल्टानं दहा पाने तपासा, फरक हाताला कळतो.

तीन. पान्याचं तोंड नीट बघा. आतल्या दोन्ही बाजू समांतर आणि गुळगुळीत पाहिजेत. आत मुलाम्याचे थेंब, खरबरीतपणा, खड्डे नकोत. खड्डे म्हणजे बहुधा ओतीव माल.

चार. पकड मिटवून उजेडाकडे धरा. कापायच्या धारा टोकापासून टोकापर्यंत मिटल्या पाहिजेत, मधून उजेड दिसता कामा नये. सांधा सैल नको आणि जामही नको. मग वही-पुस्तकाचा एक कागद कापून बघा. धार चांगली असेल तर कागदही स्वच्छ कापला जातो.

पाच. गोटी घेताना सहा कोनांची घ्या. बारा कोनांची बसवायला सोपी असते, पण ती बोल्टाला कोपऱ्याजवळ धरते. गंजलेल्या बोल्टाला सहा कोनीच पाहिजे, ती सपाट बाजूवर जोर देते.

सहा. मानक क्रमांक विचारा. दुतोंडी फिक्स पान्यासाठी आयएस २०२८, रिंग पान्यासाठी आयएस २०२९, पकडीसाठी आयएस ३६५०, पाईप पान्यासाठी आयएस ४००३. चांगल्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये हे क्रमांक असतात. दुकानदाराला पाठ नसतील, पण आपण विचारलं की त्याला कळतं, हा माणूस बघून घेणारा आहे.

वजनावर जाऊ नका. जड म्हणजे मजबूत हा गैरसमज आहे. ओतीव पाना जाडजूड करावाच लागतो, नाहीतर तुटेल. चांगल्या पोलादाचा पाना सडपातळ असतो, म्हणून तो अडचणीच्या जागी जातो.

डब्यात काय काय पाहिजे

शेहेचाळीस नग नको. त्यातले तीस आयुष्यात लागत नाहीत. माझ्या मते शेतकऱ्याला एवढं पुरतं.

६-७ पासून २०-२२ पर्यंत आठ फिक्स पान्यांचा संच आणि तेवढाच रिंग पान्यांचा. मोठ्या नटांसाठी २४-२७ आणि ३०-३२ हे सुटे रिंग पाने. अर्धा इंची चौकाचं रॅचेट आणि दांडा, त्याला १०, १३, १७, १९, २२, २४ या सहाच गोट्या. आठ इंची पक्कड. बारा इंची स्क्रू पाना. ड्रीपच्या आणि मोटारीच्या पाइपांसाठी एक पाईप पाना. दोन पेचकस, अ‍ॅलन की, अर्धा किलोची आणि एक किलोची हातोडी, छन्नी, कानस, तारेचा ब्रश. आणि गंज सोडवायचं तेल, ते सगळ्यात आधी.

हे एकदम घेऊ नका. ज्याची रोज गरज तो आधी. एका माल-विक्रीला दोन पाने, पुढच्या विक्रीला गोट्या. दोन हंगामांत डबा भरतो आणि खिशाला कळत नाही.

एक अडचण जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची. काही जुन्या मॉडेलांत, विशेषतः मॅसीच्या जुन्या गाड्यांत, बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम. तिथं १३ चा पाना ढिला बसतो आणि कोपरे खातो. ९/१६ म्हणजे १४.२९. १४ बसत नाही, १५ सैल होतो. ३/४ म्हणजे १९.०५, तिथं १९ चा कसाबसा चालून जातो. अशी गाडी असेल तर इंची पान्यांचा एक संच वेगळा घ्याच. तोही आपल्याकडे बनतो आणि मागवला तर मिळतो. आणि नव्या गाड्यांत १० एमएमच्या बोल्टाला १७ ऐवजी १६ चं डोकं येऊ लागलंय, तेही ध्यानात ठेवा.

दोन गोष्टी जिवाच्या

पहिली, पाईप घालून जोर लावणं. पान्याची लांबी उगाच ठरवलेली नसते. फूटभर दांड्यावर ३० किलोचा जोर दिला तर बोल्टावर साधारण ९ किलो-मीटर पीळ पडतो. तीन फुटी पाईप घातला की तोच जोर २७ होतो. तेवढा पीळ सोसायला ना तो पाना बनवलेला असतो, ना बोल्ट. बोल्ट सुटत नसेल तर तेल मारा, रात्रभर राहू द्या, हातोडीनं हलके ठोके द्या, सहा कोनी गोटी आणि लांब दांडा लावा. चकचकीत मुलाम्याच्या गोटीवर हातोडी मारू नका आणि ती इम्पॅक्ट गनलाही लावू नका. त्या कामाच्या गोट्या वेगळ्या, काळ्या आणि जाड भिंतीच्या असतात.

दुसरी, मोटारीची पेटी. पकडीच्या दांड्यावर लाल-पिवळं प्लास्टिक दिसलं म्हणून ती विजेसाठी सुरक्षित होत नाही. ते प्लास्टिक पुष्कळदा नुसत्या हातपकडीसाठी असतं. १००० व्होल्टची खूण असलेली पक्कड वेगळी मिळते. आणि ती असली तरी तीन फेजच्या पेटीत हात घालायच्या आधी फ्यूज काढायचेच. पकडीवर जीव टांगू नका.

गावातल्या पोरांसाठी

आता मला खरं काय टोचतं ते सांगतो. आपल्या प्रत्येक गावात एक-दोन पोरं आयटीआय करून, नाहीतर एखाद्या गॅरेजात हाताखाली राहून फिटर होतात. फाट्यावर टपरी टाकतात. भांडवल नसतं, म्हणून पहिली हत्यारं स्वस्तातली. त्या हत्यारांनी गिऱ्हाइकाचे बोल्ट गोल होतात. गिऱ्हाईक म्हणतं, "याला काही येत नाही." पोराच्या हातात कसब असतं, पण हत्यार त्याचं नाव घालवतं. वर्षभरात टपरी बंद, आणि आपण पुन्हा तीस किलोमीटरवरच्या शोरूमच्या दारात.

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत. लोहार आहे, हातोडी आणि टूलकिट बनवणाराही आहे, आणि त्यांना हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत आहे. चांगली गोष्ट. पण त्या यादीत मेकॅनिक नाही. खुरपं, विळा, कुदळ यांच्यावर जीएसटी नाही. ट्रॅक्टरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाना आणि पक्कड मात्र १८ टक्क्यांत. ट्रॅक्टर शेतीचा, आणि तो दुरुस्त करायचा पाना शेतीचा नाही, हे कोणतं गणित?

सरकार करेल तेव्हा करेल. आपल्या हातात काय आहे? गावोगावी शेतकरी गट आहेत, उत्पादक कंपन्या आहेत, अवजार बँका आहेत. अवजार बँकेत रोटाव्हेटर असतो, पेरणी यंत्र असतं. तिथं एक हत्यारांची पेटीही ठेवा. टॉर्क पाना, बेअरिंग पुलर, मोठ्या गोट्या, ही महागडी आणि वर्षातून दोनदा लागणारी हत्यारं एकेकट्यानं घेण्यात अर्थ नाही. वहीत नोंद करून न्यायची, पुसून परत आणायची. आणि गटानं एकदम वीस संच मागवले तर थेट वितरकाकडून भावही बरा लागतो. त्यातला एक संच गावातल्या होतकरू फिटरला हप्त्यानं द्या. तो फेडेल. आपल्याच ट्रॅक्टरवर काम करून फेडेल.

शेवटचं

कुणी म्हणेल, एवढे पैसे पान्यात घालायची ऐपत कुणाची आहे? द्राक्षाला भाव नाही, कांद्याचं काय होईल माहीत नाही. खरं आहे. म्हणूनच म्हणतो, एकेक घ्या. स्वस्त सेट तीन वर्षांत तीनदा घेणारा आणि चांगला पाना एकदा घेणारा यांचा हिशोब वहीत मांडून बघा. चांगला पाना पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला तर तुमच्यानंतर तुमचं पोरगं वापरतं. आमच्या शेडमधला २०-२२ चा पाना वडलांनी घेतलेला आहे. त्यावरची अक्षरं पुसट झालीत, माप अजून पक्कं आहे.

तुमच्या तालुक्यात चांगली देशी हत्यारं ठेवणारं दुकान असेल तर खाली लिहा. गावाचं आणि दुकानाचं नाव पुरे, फोन नंबर टाकू नका. आणि ज्यांच्याकडे वडिलांच्या, आज्याच्या वेळचे पाने असतील त्यांनी फोटो टाका. ठसा नीट दिसू द्या. कुठं बनलाय ते सगळे मिळून वाचू.

फवारणीचे दिवस जवळ आलेत. ब्लोअरला हात लावायच्या आधी एकदा पान्यांचा डबा उघडून बघा.